डाव्या हाताची मूठ

"तुमी घातलेली मूठ तुमीच काढायची, वयनी," असं म्हणून त्या बाईने आमच्या दुकानाच्या फळीवर एक काळी कोंबडी ठेवली. कोंबडीचे पाय बांधलेले. तिच्या शेजारी नारळ, दोन लिंबं आणि पदराच्या गाठीतून सोडलेली हळदकुंकवाची पुडी.

कोंबडीचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडे लोक कोंबडी आणायचे, तांदूळ आणायचे, एकाने तर घोरपड आणली होती. मला वाटलं, गिऱ्हाईक नाराज आहे.

"काढायची कशाला?" मी म्हटलं. "अजून नीट बसलीसुद्धा नाही."

बाई होती तिथेच मटकन खाली बसली.

आता ती बाई कोण आणि मूठ कसली हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. कोंबडीला तोवर फळीवरच राहू द्या. आम्हीही राहू दिली होती.

आमचं दुकान कर्जतच्या बाजारात, भिसेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. बंदुका दुरुस्त करायचं. परवाना आमच्या ह्यांच्या नावावर. त्या काळी आमच्या भागात पिकाच्या राखणीसाठी बऱ्याच घरांत बंदूक असायची. रानडुकरं उभं भात लोळवून टाकायची, दुसरा उपाय नव्हता. नळी, चाप, स्प्रिंगा हे लोखंडाचं काम ह्यांचं. लाकडाचं माझं. मी सुताराची मुलगी. शाळा चौथीत सुटली, रंधा मात्र हातातून सुटला नाही. लग्न होऊन आले तेव्हा हे एक फुटका दस्ता तारेने आवळत होते. दस्ता म्हणजे बंदुकीचं खांद्याला टेकतं ते लाकूड. मला ते बघवेना. मी तो काढून घेतला आणि नवा करून दिला. तेव्हापासून लोखंड त्यांचं, लाकूड माझं आणि भांडण सामाईक.

सत्तर साल उजाडायचं होतं. भाद्रपद चालू होता. बाळाशेट एक लांब पेटी घेऊन दुकानात आले. खालापूर तालुक्यात, केळवली स्टेशनाच्या पुढे त्यांचं गाव, आणि गावात त्यांची भाताची गिरणी. दीडेक वर्षापूर्वी त्या गिरणीच्या पट्ट्यात त्यांचा डावा हात सापडला होता. हात वाचला पण मनगट वळेनासं झालं. तळवा वर करायला गेले की हात अर्ध्या वाटेत अडकायचा.

"त्या हाताने आता मागायची सोय गेली, वयनी," ते म्हणाले. "फक्त द्यायचं. घरातले सगळे खूश हायत."

पण बंदूक धरायची तर डावा हात नळीखाली वाटी धरल्यासारखा ठेवावा लागतो, तळवा वर करून. तेच जमत नव्हतं. आणि त्यांना तर दसऱ्याला बंदूक धरायचीच होती.

त्यांच्या गावची रीत अशी, की दसऱ्याला सोनं लुटायला शिवेवर जायचं आणि आधी तीन बार काढायचे. एक देवाचा, एक शिवेचा, एक गावाचा. समोरच्या टेकडीच्या पोटात मारायचे. मान बाळाशेटच्या घराचा. जुन्या माणसांनी अट घातलेली एकच: मानकऱ्याने बंदूक आपल्या दोन हातांनी धरायची, कोणाचा आधार घ्यायचा नाही. मागच्या दसऱ्याला बाळाशेटनी नळी पुतण्याच्या खांद्यावर टेकवली. तिथेच त्यांचे चुलतभाऊ नाना पुढे झाले. "आधार घेतला. आता मान आमच्या घरात." गावाने बाळाशेटला वर्षाची सवलत दिली. यंदा जमलं नाही तर बार नानांचा.

"मान काय, आज हाय उद्या नाय," बाळाशेट म्हणाले. मग पेटीची कडी काढता काढता म्हणाले, "पण नानाकडे जाऊ द्यायचा नाय."

पेटीत जी बंदूक होती तशी आमच्या दुकानात तोवर आली नव्हती. आफ्रिकेत राहून आलेल्या मेहुण्याची, ती रीतसर बाळाशेटच्या नावावर झालेली. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. म्हणजे काय, तर आपल्याकडची साधी बंदूक दर बाराला उघडून रिकामं काडतूस काढावं लागतं आणि नवं घालावं लागतं. ही बाई स्वतःच करते सगळं. चाप ओढला की बार होतो, रिकामं काडतूस ती उजवीकडे थुंकते आणि पुढचं आत ओढते. चाप मात्र दर वेळी आपण ओढायचा. दुखऱ्या हाताच्या माणसाला सोयीची. फक्त धरता आली पाहिजे.

"मेवणा म्हनतो, व्हर्टिकल फोरग्रिप लावून घ्या."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

बाळाशेटनी हवेतच बंदूक धरली आणि डाव्या हाताची बोटं नळीखाली उभी मिटून दाखवली. सायकलचं हँडल उभं धरल्यासारखी.

"म्हणजे उभी मूठ," हे म्हणाले. "मग मूठ म्हणा की. ग्रिप-बिप कशाला?"

झालं. त्या दिवसापासून त्या कामाचं नाव पडलं मूठ. पुढचं सगळं रामायण ह्यांच्या त्या एका शब्दाने घडवलं, असं मी अजून म्हणते. हे म्हणतात, निरोप कोणी धाडला होता? ते येईलच पुढे.

जाताना बाळाशेटनी बजावलं, की नानांच्या कानावर जाता कामा नये. कळलं तर ते दसऱ्याआधीच गाव गोळा करून हरकत घेतील.

मी कामाला लागले. आधी निवड. दुकानात आणि घरात मुठीसारखं जे जे होतं ते फळीवर मांडलं. करवतीची मूठ, कोयत्याची, सायकलच्या हँडलचं रबर, मुसळाचा तुकडा. बाळाशेट पुढच्या खेपेला आले तेव्हा एकेक डाव्या हातात देऊन पाहिली. कोयत्याची बारीक पडली. बारीक मूठ धरली की बोटं आवळून घेतात आणि आवळलं की मनगटात कळ. करवतीची तिरपी, तिला मनगट वाकवावं लागे. मुसळ हातात मावेना. हे बाजूने सल्ले देत होते, माथेरानच्या हातरिक्षाचा दांडा कापून आणू का म्हणून. शेवटी बाळाशेट कंटाळले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. मी चहा ठेवायला उठले.

चहा घेऊन आले तर शेट माझ्या जात्याजवळ बसलेले आणि ह्यांच्याशी भाताच्या जातीबद्दल बोलता बोलता डाव्या हाताने खुंटा धरून जातं फिरवत होते. रिकामंच. त्यांचं लक्षही नव्हतं. मनगट जरासुद्धा वळत नव्हतं, अंगठा वर, हात खांद्यातून फिरत होता.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "शेट, हात हलवू नका."

ते दचकले. त्यांना वाटलं विंचू आहे.

आम्हा बायकांचा सगळा जन्म खुंटा धरण्यात गेला आणि मी करवतीच्या मुठी काढत बसले होते. खुंटा उभा असतो. जाडीला इतका, की मिटलेल्या बोटांची टोकं तळव्याला लागू नयेत. आणि तो आवळायचा नसतो. आवळला तर पायलीभर दळेपर्यंत हात भरून येतो. मी शेटच्या हाताचं माप घेतलं. खुंट्यापेक्षा किंचित जाड आणि त्यांच्या चार बोटांपेक्षा अर्धं बोट लांब. उगाच लांब ठेवली तर कशात तरी अडकायची.

मग जागा. नळीखाली जे लाकूड असतं त्याला फोरएंड म्हणतात. मी एक जुना खुंटा सुतळीने त्या लाकडाखाली बांधला आणि पुढेमागे सरकवून बघितला. फार पुढे बांधला तर शेटचा हात ताठ, क्षणात थरथरायला लागला. फार मागे आणला तर खालचं तोंड झाकलं गेलं. या बंदुकीत काडतुसं पोटातून, खालून भरतात. तिथेच मूठ आली तर बंदूक उपाशी. कोपर जरासं वाकलेलं राहील, ताट वाढताना राहतं तेवढं, ती जागा मी खडूने आखली.

आता बसवायची कशी? मी पितळेची पट्टी घेतली. लाकूड आणि नळी दोन्हीला मिळून फेरा द्यायचा, खाली मूठ अडकवायची, की हलायची बात नाही.

हे म्हणाले, "थांब."

त्यांनी बंदूक रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं. नळीचं तोंड एका लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवलं आणि वरून दाबलं. नळी चांगली चार बोटं आत गेली आणि सोडल्यावर परत बाहेर आली. मी बघतच राहिले.

"ही बाराला मागे जाते," हे म्हणाले. "त्याच धक्क्यावर पुढचं सगळं चालतं. तू तिला पट्टी बांधलीस तर ती एक बार काढील आणि रुसून बसेल."

रुसून बसण्याबद्दल ह्यांनी मला सांगावं. पण बोलणं बरोबर होतं. म्हणजे मुठीचा भार नुसत्या लाकडावर घ्यायचा, नळीला बोट लावायचं नाही. आणि ते लाकूड आतून पोकळ, आत स्प्रिंग. स्क्रू ठोकला तर तडा जायचा. मग मी मूळ लाकूड काढून कापडात गुंडाळून ठेवलं. ते अक्रोडाचं, परदेशचं, त्याला हात लावायचा नव्हता. शिसवीचं नवं फोरएंड घडवलं आणि त्याला खाली थोडं पोट ठेवलं, सातव्या महिन्यातल्या बाईसारखं. त्या पोटात खाच. खाचेचं तोंड अरुंद, आत रुंद. मुठीचं डोकं बाजूने सरकवायचं आणि एक स्क्रू आवळायचा. स्क्रू सैल केला की मूठ हातात.

मूठ तयार झाली तेव्हा सर्वपित्री अमावस्या तोंडावर होती. आमच्या धंद्यात अवसेला हत्यार उचलत नाहीत, दुकान बंद. म्हणजे गिऱ्हाईक नाही आणि बघणारंही कोणी नाही. नुसता स्क्रू फिरवायला हत्यार कसलं, म्हणून मी तो दिवस धरला. शेटच्या गिरणीतला गंगाराम कर्जतला आला होता. चांगला बायकामुलांचा, विश्वासू माणूस. त्याच्याकडे निरोप दिला: "शेटना सांग, मूठ तयार आहे. अवसेला या, बसवून देते. नानांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

माझ्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. गंगाराम बारा महिने गिरणीत. तिथे यंत्र चालू असलं की शेजारच्यालाही ओरडूनच सांगावं लागतं. गिरणीतला माणूस कुजबुजला तरी खालच्या आळीत ऐकू जातं. आणि बाळाशेटचं नि नानांचं घर एका भिंतीचं. गंगारामने अंगणात उभं राहून, शेटच्या अगदी कानाशी लागून, माझा निरोप अक्षर न गाळता दिला.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अवसेला बाळाशेट आले, मूठ बसवली आणि आम्ही तिघं नदीपलीकडे खडकाच्या आडोशाला गेलो. माणूस-जनावर कोणी नाही हे ह्यांनी फिरून पाहिलं. पहिल्या बाराला शेटनी मूठ बैलाच्या कासऱ्यासारखी खाली ओढली. नळी खाली झुकली आणि समोरची माती उडाली. मी म्हटलं, शेट, कासरा नाही, खुंटा. खाली ओढायचं नाही, वर उचलायचं नाही. हलकेच आपल्या खांद्याकडे घ्यायचं, आणि आवळायचं नाही. दुसरा बार बरा गेला. तिसऱ्याला शेटच्या तळव्याला घाम आला आणि गुळगुळीत शिसवी हातात सरकली. माझं पॉलिश जास्त झालं होतं. मुठीवर बारीक आडव्या-उभ्या खाचा पाडून द्यायच्या, म्हणून ती मी ठेवून घेतली. बंदूक शेट घेऊन गेले.

घट बसले आणि दुकानात काहीतरी वेगळंच सुरू झालं. भाजीवालीने न मागता कोथिंबीर घातली. खोपोलीच्या शटलने येणारी दोन माणसं मला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथून नमस्कार केला. मग एक अनोळखी गृहस्थ दुकानात आले, हे बाहेर गेल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "वयनी, माझ्या मेवण्यासाठी एक मूठ करून द्या. लहानशी चालेल."

मला आनंद झाला. म्हटलं, कामाचं नाव होतंय. "करीन की," मी म्हटलं. "पण मेव्हण्यांना एकदा इकडे घेऊन या. माप घ्यावं लागेल."

ते गृहस्थ जे गेले ते छत्री विसरून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी ती बाई आली, कोंबडी घेऊन.

"अजून नीट बसलीसुद्धा नाही," मी म्हटलं आणि ती खाली बसली, इथवर मी आलेच होते. मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, तांब्याकडे बघत राहिली.

"बसली नाय म्हंता, आन् मानूस अवसेपासून अंथरुनात हाय," ती म्हणाली. "पूर्ण बसल्यावर काय व्हईल?"

"पूर्ण बसल्यावर हलायची नाही. शिसवी आहे."

"कोनाच्या नावाची केलीया?"

"बाळाशेटनी सांगितली. आधी माप मी घेतलं, मग बेतली."

"माप कवा घेतलंसा वं?" ती रडायलाच लागली. "ते तर कर्जतला आलं बी नाय."

मागे भात्याजवळ ह्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला. "अगं, बाईंना सांग ना," हे तोंड न वळवता म्हणाले, "काढता येते म्हणून. एका स्क्रूचं तर काम."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फळीवरची लिंबं बघितली. काळी कोंबडी बघितली. सुताराच्या आणि बंदुकवाल्याच्या घरात मूठ म्हणजे हातात धरायची वस्तू. पण कोकणात जन्मलेल्या कोणालाही विचारा, मूठ म्हणजे शत्रूवर मारायची करणी. वर अवसेचा मुहूर्त माझा, आणि 'नानांना कळू देऊ नका' हेही माझंच.

"तुम्ही नानांच्या घरच्या का?" मी विचारलं.

ती काशीबाई. नानांची बायको. तिने सगळं सांगितलं. गंगारामचा आवाज भिंतीतून आला तेव्हा नाना आरशासमोर दाढी करत होते. अर्धी झाली होती. उरलेली अर्धी अजून तशीच होती. तेव्हापासून अंगात कणकण, झोप नाही, पोटात पेजेशिवाय काही नाही. भगताला बोलावलं, त्याने तांदूळ टाकले आणि सांगितलं, मूठ जबर आहे, करणारं बाईमाणूस आहे, कर्जतच्या दिशेला बसतं. भगताचं घरही त्याच आळीत, गंगारामच्या टप्प्यात.

मी पेचात पडले. खरं सांगितलं तर नाना उद्याच गाव गोळा करणार आणि बाळाशेटचा मान गेला. नाही सांगितलं तर एक माणूस माझ्या नावाने झिजतोय. ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मान पुढच्या वर्षी मिळवता येतो. नाना एकच आहे." हे असे वर्षातून एकदा बोलतात.

मी खणातून मूठ काढली आणि फळीवर ठेवली. काशीबाईने आधी पदराच्या टोकाने तिला शिवून बघितलं. मग बोटाने. मग सरळ हातात घेतली आणि सवयीने एक गरका दिला.

"ह्यो तर जात्याचा खुंटा हाय," ती म्हणाली.

"तसाच बेतलाय. बाळाशेटच्या बंदुकीला खाली लावायचाय, हात वळत नाही म्हणून."

तिने मूठ फळीवर ठेवली. मग म्हणाली, "मी सांगून त्यांना पटायचं नाय. तुमीच चला. मूठ घेऊन."

कोंबडी ह्यांच्या ताब्यात देऊन आम्ही दोघी शटलने केळवलीला गेलो. मूठ मी पॉलिशच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली होती. पॉलिशचं फडकं लाल असतं. मी रोजच वापरते, मला त्याचं काय वाटणार?

नानांच्या दाराला कडुलिंब, चौकटीला लिंबू-मिरची. नाना तीन गोधड्यांखाली, अर्धी दाढी केलेले, भिंतीकडे तोंड करून पडलेले. काशीबाई म्हणाली, "अवं, कर्जतच्या वयनी आल्यात." गोधड्या थरारल्या. मला वाटलं, उगाच लांबण नको, एकदम दाखवावं म्हणजे भीती मोडेल. मी पिशवीतून ते लाल गुंडाळलेलं काढलं, पुढे धरलं आणि म्हटलं, "ही बघा नाना, तुमची मूठ."

इतके दिवस पेजेवर असलेला माणूस असा पळताना मी पुन्हा पाहिला नाही. गोधड्या एकीकडे, नाना एकीकडे. मागच्या दाराने, शेणाच्या खाईवरून उडी मारून ते पेंढ्याच्या गंजीवर चढले आणि शिडी वर ओढून घेतली.

"ताप उतरला वाटतं," काशीबाई म्हणाली.

ती घरात गेली आणि आपल्या जात्याचा खुंटा उपसून घेऊन आली. गंजीखाली उभं राहून तिने एका हातात तो आणि एका हातात माझी मूठ अशी दोन्ही वर धरली. मी खालून सगळं समजावत होते. नळी मागे जाते, तळवा वर होत नाही, गंगाराम ओरडतो, सगळं. नाना वरून ऐकत होते. हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला. शिडी खाली आली, मागून नाना आले. मूठ हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली. खाच पाहिली. स्क्रूचं भोक पाहिलं. आणि मग, मला वाटलंच होतं, त्यांचे डोळे बारीक झाले.

"म्हंजे बाळ्या ह्यो टेकू लावून बार काढनार," ते म्हणाले. "ह्यो आधार झाला. मी गावासमोर हरकत घेनार."

काशीबाईने खुंटा काखेत मारला.

"घ्या की," ती म्हणाली. "मी बी येते. जात्याच्या खुंट्याला भिऊन कोन गंजीवर बसलं व्हतं, ते बी गावाला सांगूया."

नाना अर्ध्या दाढीवरून हात फिरवत घरात गेले. थोड्या वेळाने आतून विचारलं, वस्तरा कुठे ठेवलाय.

परतीच्या वाटेवर मी बाळाशेटना गिरणीवर गाठून सांगितलं, की नानांना सगळं कळलंय. त्यांचा चेहरा पडला. "मग काय म्हनाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही म्हणाले नाहीत, पण त्यांचं काही सांगता येत नाही. ते खरंच होतं. घरी येऊन मी मुठीवर खाचा पाडल्या.

दसऱ्याला आम्ही दोघंही गेलो. शिवेवर सगळं गाव. बाळाशेटनी पेटी उघडली, बंदूक काढली, मूठ सरकवली, स्क्रू आवळला. गावातले सर्वांत जुने पाटील काठी टेकत पुढे आले, वाकून नळीखाली बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाळ्या, ह्ये काय लावलंस?"

त्या वस्तूला काय म्हणतात ते गंगारामच्या आवाजामुळे एव्हाना पोरासोरांनाही ठाऊक होतं आणि शिवेवर उभं राहून तो शब्द उच्चारायला कोणी तयार नव्हतं. शेटनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आपट्याच्या झाडाकडे पाहिलं. मग सगळ्या गावाने नानांकडे पाहिलं, कारण हरकत घ्यायची तर त्यांनीच.

नानांच्या मागे काशीबाई उभी होती. ती नुसती खाकरली.

"खुंटा हाय तो, पाटील," नाना मोठ्याने म्हणाले. "घरच्या जात्याला असतो तसा. आधार नाय. जातं काय खुंट्याच्या आधाराने उभं असतं? मानूस फिरवतो म्हनून फिरतं."

पाटलांनी मान डोलावली. "खुंटा व्हय," ते म्हणाले. "मग घरचंच हाय." आणि बाजूला झाले.

बाळाशेटनी दस्ता खांद्याला लावला, डावा हात खुंट्यावर ठेवला, अंगठा वर. मी मनात म्हणत होते, आवळू नका, आवळू नका. देवाचा बार झाला. शिवेचा झाला. गावाचा झाला. तीन रिकामी काडतुसं उजवीकडे उडाली, त्यातलं शेवटचं नानांच्या टोपीवर पडलं. शेटचा हात जरासुद्धा सरकला नव्हता. ते बंदूक खाली करून उभे राहिले आणि डावा तळवा उघडून बघत राहिले. त्यावर माझ्या खाचांची जाळी उमटली होती.

मग सोनं वाटणं सुरू झालं. बाळाशेटनी पहिलं पान नानांना दिलं. नाना मला सोनं द्यायला आले, मीही पानं घेऊन हात पुढे केला. ते दोन पावलं मागे सरले.

"वयनी," ते म्हणाले, "आधी मूठ उघडा."

या धंद्यात माझे पुष्कळ दिवस गेले. त्यानंतर आणखी दोघांना तसं काम करून दिलं, एकाचं बोट तुटलेलं होतं, एकाला संधिवात. दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्याला खुंटा म्हणायचं. माप नंतर घेता येतं, जागा चुकली तर बदलता येते, लाकूड वाया गेलं तर दुसरं घेता येतं. वस्तूचं नाव मात्र आधी ठरवावं, आणि निरोप गिरणीवाल्याकडे देऊ नये.

राहिली ती कोंबडी. उताऱ्याची म्हणून काशीबाई परत नेईना आणि तिने कोणाचं काही वाईट केलेलं नाही म्हणून मी कापू देईना. माझ्या रंध्याखालच्या भुशात तिने जागा केली आणि तिथेच अंडी घालायला लागली. पुष्कळ जगली. ह्यांनी तिचं नाव काय ठेवलं होतं ते मी इथे लिहीत नाही, पण संध्याकाळी हे तिला हाका मारायला लागले की आमच्या रस्त्याने जाणारी माणसं जरा लवकर पाय उचलत.